अणुयुगातील ज्ञानदूत : डॉ. होमी भाभा

ऑगस्ट १९५५. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी संयुक्त राष्ट्रांनी भरविलेल्या पहिल्या परिषदेसाठी ७३ राष्ट्रांचे प्रतिनिधी जिनिव्हात जमले होते. हिरोशिमाच्या संहाराला नुकतीच दहा वर्षे झाली होती. अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी कडीकुलपात ठेवलेले अणुज्ञान प्रथमच एका व्यासपीठावर येत होते. अध्यक्षस्थानी होते पंचेचाळीस वर्षांचे डॉ. होमी जहांगीर भाभा. त्यांच्या देशात तेव्हा एकही अणुभट्टी नव्हती.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा वडिलांच्या इच्छेनुसार अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले. मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांना जगभर मान्यता मिळवून दिली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

केंब्रिजचे स्नेहसंबंध आता देशाच्या कामी आले. तेथील सहकारी जॉन कॉकक्रॉफ्ट ब्रिटनच्या, तर डब्ल्यू. बी. लुईस कॅनडाच्या अणुसंशोधनाचे धुरीण होते. १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. रचना भारतीयांची, इंधन ब्रिटनचे. १९६० मध्ये ‘सायरस’ सुरू झाली. तिला साहाय्य कॅनडाचे, जड पाणी अमेरिकेचे.

मदत घेतानाही भाभांनी समानतेचा आग्रह सोडला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या घटनेची चर्चा चालू असता कठोर नियंत्रणांना त्यांनी विरोध केला. अण्वस्त्रधारी राष्ट्रे मोकळी राहतील आणि मदत घेणाऱ्या राष्ट्रांवरच कायमची देखरेख येईल, हा भेद त्यांना अमान्य होता.

२४ जानेवारी १९६६ रोजी याच संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असता माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

पुढे १९७४ मध्ये पोखरणच्या चाचणीसाठी ‘सायरस’मधील प्लुटोनियम वापरले गेले आणि कॅनडाने अणुसहकार्य थांबविले. विज्ञानाने जोडलेली मैत्री विश्वासावर तोललेली असते, हे त्या दिवशी दोन्ही देशांना कळले. मात्र त्या मैत्रीत याचक म्हणून नव्हे, तर बरोबरीच्या नात्याने उभे राहता येते, हे भाभांनी आधीच दाखवून दिले होते. आणि ती बरोबरी त्यांनी प्रथम अभ्यासिकेत व प्रयोगशाळेत मिळविली होती.