सायक्लोनचं बारसं करणारा कॅप्टन

‘निसर्ग’ आलं, ‘तौक्ते’ आलं, तेव्हा तुमच्या मोबाइलवर वादळाचा तो गोल गोल फिरणारा सॅटेलाइट फोटो आला असेलच. आता कल्पना करा, सॅटेलाइट नाही, रडार नाही, समुद्रातल्या जहाजाला साधी तारही करता येत नाही. मग वादळ गोल फिरतं हे कळणार कसं? कारण तुम्ही त्याच्या पोटात असता तेव्हा दिसतं ते फक्त पाणी.

हेन्री पिडिंग्टनने याचा कोलकात्यात बसून अभ्यास केला. जन्म इंग्लंडमधला, 1797चा. तरुणपणी व्यापारी जहाजांवर कॅप्टन, मग कोलकात्यात स्थायिक. तिथे भूगर्भातल्या खनिजांच्या संग्रहालयाचा क्युरेटर. म्हणजे नोकरी दगडांची आणि डोक्यात वादळं! विल्यम रीडचं वादळांवरचं पुस्तक 1838मध्ये आलं आणि याने ते मनावरच घेतलं.

त्याची पद्धत अगदी साधी, पण चिकाटीची. वादळातून वाचून आलेल्या जहाजांची लॉगबुकं मिळवायची. अमुक वाजता जहाज कुठे होतं, वारा कुठल्या दिशेने होता, बॅरोमीटर किती उतरला, हे सगळं एकाच नकाशावर मांडायचं. एका जहाजाला जे कळत नव्हतं ते दहा जहाजांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की दिसायचं. बंगालच्या उपसागरातल्या जून 1839च्या वादळापासून त्याने हे सुरू केलं आणि एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एकामागून एक लेख लिहिले.

सगळ्यात भारी केस ‘चार्ल्स हेडल’ची. फेब्रुवारी 1845मध्ये मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडलं आणि वाऱ्याला पाठ देऊन पळत सुटलं. पाच दिवस पळालं, पण कुठे? वादळाच्या केंद्राभोवतीच, पाच चकरा! बिचाऱ्या खलाशांचं काय झालं असेल ते सोडा. पिडिंग्टनला मात्र वादळाची आकृती जहाजानेच काढून दिली.

1848मध्ये त्याचं खलाशांसाठीचं ‘हॉर्न-बुक’ आलं. त्यासोबत शिंगाचे पातळ, पारदर्शक पत्रे होते आणि त्यावर वाऱ्याची वर्तुळं कोरलेली. पत्रा नकाशावर सरकवायचा, वाऱ्याची दिशा जुळवायची, की केंद्र कुठे आहे त्याचा अंदाज येतो. तुम्हीही करून बघा: वादळाच्या वाऱ्याकडे तोंड केलंत की आपल्या उत्तर गोलार्धात केंद्र साधारण उजव्या हाताला असतं. दक्षिण गोलार्धात उलट, म्हणून पत्रेही दोन.

याच पुस्तकात त्याने ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला, सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. वारा अगदी काटेकोर वर्तुळातच फिरतो असा दावा त्याला करायचा नव्हता. वेटोळं म्हटलं की भागतं.

पण खरा कस लागला तो जमिनीवर. हुगळी गाळाने भरेल या भीतीने सरकारला मातला नदीवर नवं बंदर हवं होतं. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा गाव 1839मध्ये वादळात कसं बुडालं, हे पिडिंग्टनला चांगलं माहीत होतं. 1853मध्ये त्याने थेट गव्हर्नर जनरल डलहौसीला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं: धोका नुसत्या वाऱ्याचा नाही, त्याच्यासोबत चढणाऱ्या समुद्राचा आहे. इथे वस्ती केलीत तर एक दिवस खारं पाणी तिच्यावर पाच ते पंधरा फूट चढेल. खाजणाची जंगलं तोडून तर ते आणखी सोपं होणार होतं. ऐकलं का कुणी? छे! बंदर बांधायला घेतलं, वर त्याला लॉर्ड कॅनिंगचं नावही दिलं.

पिडिंग्टन 1858मध्ये कोलकात्यातच वारला. 1864च्या ऑक्टोबरमध्ये वादळाचं पाणी हुगळीतून वर घुसलं, हजारो माणसं गेली. तरी मातलावरचं काम चालूच! मग नोव्हेंबर 1867मध्ये पोर्ट कॅनिंगची पाळी आली. वादळ फार मोठंही नव्हतं. पाणी सहाएक फूट चढलं आणि धक्के, इमारती मोडून गेलं. काही वर्षांतच बंदर सोडून दिलं. रेल्वे तेवढी उरली. सियालदहहून आजही कॅनिंग लोकल सुटते, सुंदरबनला जाणारे तिनेच जातात.