पोलिसाची नोकरी सोडून नाटकात आलेले ह्युबर्ट ओगुंडे
१९७९ साली नायजेरियात ‘आये’ हा योरूबा भाषेतला सिनेमा आला आणि तुफान चालला. मुख्य भूमिकेत होते साठी ओलांडलेले ह्युबर्ट ओगुंडे. त्यांचा हा पहिलाच सिनेमा, पण लोक त्यांना ३५ वर्षं ओळखत होते.

ओगुंडे मूळचे ब्रिटिश राजवटीतले पोलीस. १९४४ मध्ये लागोसच्या एका चर्चसाठी त्यांनी बायबलवरचं संगीत नाटक बसवलं. ते गाजलं. पुढच्याच वर्षी नोकरीला रामराम ठोकून त्यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली.

त्याच वर्षी कामगारांचा मोठा संप झाला. ओगुंडेंनी त्यावर नाटक केलं, तर जोस शहरात ब्रिटिशांनी त्यावर बंदी घातली. १९४९ मध्ये एनुगूच्या कोळसा खाणीत पोलिसांच्या गोळीबारात २१ कामगार मेले. माजी पोलीस असलेल्या ओगुंडेंनी तेही रंगमंचावर आणलं.

१९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. पण १९६४ मध्ये ‘योरूबा रोनू’, म्हणजे ‘योरूबांनो, विचार करा’, या नाटकामुळे पश्चिम प्रांताच्या स्वदेशी सरकारनंच त्यांच्या मंडळीवर बंदी आणली. ती उठली १९६६ मध्ये, सरकार गेल्यावर.

मंडळी गावोगाव फिरतच राहिली. म्हणूनच ‘आये’ लागला तेव्हा प्रेक्षक आधीच तयार होता. १९९० मध्ये ओगुंडे गेले. नायजेरियन रंगभूमीचे जनक म्हणून आजही त्यांचंच नाव घेतलं जातं.