वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै १९१३ – १८ ऑगस्ट १९७९) हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व राज्यातील पंचायत राज व्यवस्थेचे एक शिल्पकार होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली येथे बंजारा शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली केली. ते पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले.

१९६० मध्ये राज्य शासनाने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने गटपातळीवरील पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद सर्वांत सबळ असावी, असे सुचविले. त्यानुसार १ मे १९६२ पासून प्राथमिक शिक्षण, आरोग्य, ग्रामीण रस्ते यांसारखी विकासकामे लोकनियुक्त परिषदांकडे आली. महसूल व कायदा-सुव्यवस्था राज्याकडेच राहिली आणि जिल्हाधिकारी परिषदेच्या रचनेबाहेर राहिले. त्यामुळे शाळा, दवाखाना व रस्ता यांविषयी ग्रामस्थांना आपल्याच प्रतिनिधीला जाब विचारता येऊ लागला.

नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. १९७७ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

पुसदलगतचा, पैनगंगेपलीकडील हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तेथील जिल्हा परिषदेचा कारभारही १९६१ च्या त्याच अधिनियमानुसार चालतो.