अर्धवट सोडलेला इलाज

इब्नुल असीर म्हटले की अरबी ग्रंथ वाचणारा आधी विचारतो, तिघांपैकी कोणते? थोरले मज्दुद्दीन हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचे व आचाराचे अभ्यासक. मधले इज्जुद्दीन इतिहासकार. धाकटे जियाउद्दीन साहित्याचे जाणकार आणि सुलतान सलाहुद्दीनच्या मुलाचे वजीर.

मज्दुद्दीन यांचा जन्म ११४९ चा, तैग्रिसकाठच्या जजीरत इब्न उमर गावचा. आज ते तुर्कस्तानात येते. तरुणपणी ते मोसूलला आले आणि तेथील दरबारात लेखनाच्या कामावर लागले. मान मोठा होता. पण बोलावणे आले की धावायचे आणि मर्जी सांभाळायची, हेही त्यात आलेच.

मग आजाराने हातपाय धरले. चालणे थांबले, लेखणी धरता येईना. ज्याची सारी ओळख लिहिण्यावर उभी, त्याचा नेमका हातच गेला.

त्यांनी घर धरले. मोसूलजवळच्या एका गावात साधकांसाठी मठ बांधला, मिळकत त्याला वक्फ केली. त्यांचे ग्रंथ याच सक्तीच्या रिकामपणात झाले, असे सांगतात. निवड करायला आणि लिहून घ्यायला माणसे मदतीला असत. ‘जामिउल उसूल’मध्ये त्यांनी हदीसचे सहा मोठे संग्रह एकत्र करून विषय अक्षरक्रमाने लावले. रोजाचे प्रकरण ‘साद’ या अक्षराखाली सापडते. हदीसमधील अवघड शब्दांचा त्यांचा ‘निहाया’ हा कोश पुढे ‘लिसानुल अरब’ या महाकोशाचा एक आधार झाला.

पुढची हकीकत भाऊ इज्जुद्दीन यांनी सांगितलेली. मगरिबकडचा एक वैद्य आला. बरे केल्याशिवाय पैसे घेणार नाही, ही त्याची अट. त्याने स्वतः तयार केलेले तेल लावायला सुरुवात केली आणि गुण आला. आखडलेले पाय सैल पडले, लांब करता येऊ लागले. घर आनंदात होते. तेवढ्यात मज्दुद्दीन यांनी भावाला सांगितले की वैद्याला काही देऊन खूश करा आणि निरोप द्या.

औषधाला त्यांचा विरोध नव्हता; तसे असते तर तेल लावूच दिले नसते. भावाने कारण विचारले. पाय धड होते तेव्हा आपण बड्यांच्या दारी जाऊन स्वतःला हलके करून घेत होतो, आता महत्त्वाचे काम निघाले की तेच सल्ल्याला घरी येतात, असा त्यांचा हिशेब होता. उरलेले थोडे आयुष्य त्यांना असेच मोकळे हवे होते.

इज्जुद्दीन यांनी ऐकले आणि वैद्याला पैसे देऊन वाटेला लावले. १२१० मध्ये मज्दुद्दीन वारले. त्यांची कबर त्यांच्याच मठात झाली.