आठवणींचा हिशेब मांडणारा गणिती

फोडणीचा वास आला की आजीचे अख्खे स्वयंपाकघर आठवते. तुकड्यावरून सगळे उभे करण्याची मेंदूची ही रीत यंत्राला शिकवता येईल का, हा विचार मनात आला की मला जॉन फॉन नॉयमन आठवतात.

१९०३ साली बुडापेस्टला जन्मलेल्या या गणितज्ञाची स्मरणशक्ती विलक्षण होती. वाचलेला मजकूर वर्षांनंतरही ते शब्दशः म्हणून दाखवीत, असे त्यांचे सहकारी हर्मन गोल्डस्टाइन सांगत. १९३२च्या ग्रंथात त्यांनी क्वांटम भौतिकीला गणिताचा पाया दिला. १९४५ साली संगणकाचा आराखडा लिहिताना त्यातल्या साठ्याला त्यांनी स्मृती म्हटले. पण ही स्मृती चाळीसारखी. खोली क्रमांक ठाऊक असेल तरच माणूस सापडायचा! मेंदूला मात्र एखादा धागा पुरतो.

यंत्र आणि मेंदूची तुलना त्यांनी येल विद्यापीठातील व्याख्यानांसाठी लिहायला घेतली. तोच १९५५ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. व्याख्याने झालीच नाहीत. आजारात ती लखलखती बुद्धीही मावळत गेली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी ते गेले. १९५८ मध्ये अपुरे हस्तलिखित छापले गेले. मेंदूची भाषा आपल्या गणिताची नसावी, असे त्यात या गणितज्ञानेच सुचवले होते.

तुकड्यावरून पूर्ण आठवण जुळवणारे जाळे १९८२ साली जॉन हॉपफील्ड यांनी मांडले. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आता तशी स्मृती क्वांटम संगणकात घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यात माहिती मोजायचे माप आहे फॉन नॉयमन एन्ट्रॉपी. अपुरे राहिलेले काम असे त्यांच्याच मापाने पुढे चालले आहे, याचे मला फार समाधान वाटते.