स्फटिक फोडणारा पाद्री

बोरीवलीहून चर्चगेटची स्लो लोकल पकडलीत की पुढचं स्टेशन कांदिवली, मग मालाड. आजचे टॉवर बघून पटणार नाही, पण या पट्ट्यात दगडखाणी होत्या आणि इथे सापडलेले स्फटिक आज जगभरच्या संग्राहकांकडे आहेत. त्यातला एक प्रकार तर पक्का फसवा. बोटांसारख्या हिरवट कांड्या. आकार लॉमोंटाइट या खनिजाचा, पण हातात असतं प्रेहनाइट! काळ्या दगडातल्या पोकळीत आधी लॉमोंटाइटचे खांब वाढले, त्यांच्यावर प्रेहनाइटचा थर चढला आणि मग आतलं लॉमोंटाइट निघून गेलं. उरली फक्त पोकळ बोटं.

मग नुसत्या आकारावरून खनिज ओळखायचं कसं? या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य दिलं, त्यांचं नाव रेने जुस्त आउई.

जन्म २८ फेब्रुवारी १७४३, उत्तर फ्रान्समधल्या एका छोट्या गावात. वडील विणकर, परिस्थिती बेताची. चर्चच्या मदतीने शिकले, पाद्री झाले आणि पॅरिसच्या एका कॉलेजात शिकवू लागले. आवड खरं तर झाडापानांची. पण दोबाँतों या प्राध्यापकांची खनिजांवरची व्याख्यानं ऐकली आणि गाडीने रूळ बदलला.

१७८१ च्या आसपासची गोष्ट. एका परिचिताचा संग्रह बघताना आउईंच्या हातून कॅल्साइटचा स्फटिक निसटला आणि फुटला. तुमच्या-आमच्यासारखा कुणी सॉरी म्हणून सटकला असता. आउई तुकडे बघत बसले. मूळ स्फटिक सहा बाजूंच्या खांबासारखा, पण फुटलेला तुकडा गुळगुळीत, तिरक्या ठोकळ्यासारखा. घरी येऊन त्यांनी आपल्याकडचे वेगवेगळ्या आकारांचे कॅल्साइट चक्क फोडले. प्रत्येकाच्या पोटात तोच तिरका ठोकळा! म्हणजे बाहेरचं रूप कितीही बदलो, फुटण्याची रीत बदलत नाही. स्फटिक एकाच आकाराच्या बारीक विटा रचून बनतात, असं त्यांनी मांडलं आणि स्फटिकशास्त्राचा पाया घातला गेला.

मग राज्यक्रांती आली. नव्या सरकारशी निष्ठेची शपथ न घेतलेल्या पाद्र्यांची धरपकड सुरू झाली. ऑगस्ट १७९२ मध्ये आउई कोठडीत. तिथेही त्यांनी आपले स्फटिक मागवून घेतले म्हणे. त्यांच्या सुटकेसाठी धावाधाव केली ती जोफ्रवा सेंतिलेर या विद्यार्थ्याने. वय? २० वर्षं. म्हणजे तुमच्याच वर्गातला कुणी. सुटकेचा हुकूम आला, तरी आउई काम आवरून दुसऱ्या दिवशी निघाले, असं सांगतात. नंतर काही दिवसांतच, सप्टेंबरच्या कत्तलीत, तिथे उरलेल्या अनेक पाद्र्यांना ठार मारण्यात आलं. पुढे लाव्हाझिए तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी उघडपणे अर्ज करणाऱ्या मोजक्या लोकांत आउई होते. जेमतेम वाचलेल्या माणसाने हे करणं सोपं नव्हतं. लाव्हाझिए मात्र वाचले नाहीत.

१८०१ मध्ये आउईंचा खनिजांवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. पुणे, जळगाव, नाशिककडच्या ज्या अ‍ॅपोफिलाइटसाठी संग्राहक महाराष्ट्रात येतात, त्याचं नाव आउईंनीच १८०६ मध्ये ठेवलं. तापवलं की त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून. आपल्या लॉमोंटाइटच्या नावातही त्यांचा हात आहे. हे खनिज हवेत आपलं पाणी गमावतं, पांढुरकं पडतं आणि बोटाने दाबलं तरी भुगा होतो. संग्राहक त्याला ओलाव्यात जपतात नाहीतर पातळ गोंद पाजतात.

आउई सगळीकडे बरोबर नव्हते. प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा वेगळा आकार, हा त्यांचा हट्ट. १८१९ मध्ये मित्शरलिश या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की वेगळ्या पदार्थांचे स्फटिकही सारख्या आकाराचे असू शकतात. आउईंना ते पटलं नाही. १८२२ मध्ये ते गेले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचं नाव आहे. आणि त्यांचा धाकटा भाऊ व्हॅलेंटिन? त्याने काढलेल्या अंधशाळेतच लुई ब्रेल शिकला!

पुढच्या पावसाळी ट्रेकला दगडाच्या पोकळीत काही चमकलं, तर आधी फोटो काढा आणि नीट बघा. कडा कुठल्या कोनात मिळतात? आधीच तुटलेला तुकडा पडला असेल, तर तो सपाट फुटलाय की वेडावाकडा? चाकूने ओरखडा उठतो? कॅल्साइटवर सहज उठेल, प्रेहनाइटवर नाही. फक्त नॅशनल पार्कमधला दगड नॅशनल पार्कमध्येच राहू द्या.