संत गोन्सालो गार्सिया : चरित्र आणि मूर्तिरूप

ख्रिस्ती मूर्तिकलेत हुतात्मा संताची ओळख बहुधा त्याच्या वधसाधनावरून पटते. सेबॅस्टियनच्या देहातील बाण, कॅथरिनजवळचे चाक, लॉरेन्सची लोखंडी जाळी ही चिन्हे चेहऱ्याहून अधिक बोलकी असतात. वसईच्या गोन्सालो गार्सियाचे चिन्ह म्हणजे छातीत एकमेकांना छेदून जाणारे दोन भाले. ही केवळ मूर्तिकाराची कल्पना नव्हे.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई वसईकडचीच. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकून कोवळ्या वयातच तो त्यांच्यासमवेत जपानला गेला. तेथील भाषा त्याने आत्मसात केली. संघात प्रवेश मात्र मिळाला नाही. काही काळ व्यापार करून पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी या नात्याने तो पुन्हा जपानला आला व हिदेयोशीच्या दरबारी गेला. धर्मगुरुपद नसलेल्या या माणसाचे सारे महत्त्व त्याच्या जिभेवर होते.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि हिदेयोशीचा संशय बळावला. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविले गेले. दोर व लोखंडी कड्यांनी देह बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी भाले वर खुपसायचे, अशी तेथील रीत होती. मूर्तीवरील भाल्यांचा उगम येथे आहे.

१६२७ मध्ये त्याला धन्यवादित व १८६२ मध्ये संत घोषित करण्यात आले. या दोहोंच्या मधली घटना अधिक अर्थपूर्ण वाटते. १७४५ मध्ये, म्हणजे वसई मराठ्यांकडे गेल्यावर सहा वर्षांनी, ब्राझीलमधील रेसिफे येथे ‘पार्दो’ म्हणविल्या जाणाऱ्या मिश्रवर्णीयांनी त्याचा मोठा उत्सव केला. सावळ्या वर्णाचा माणूस संत होऊ शकतो काय, हा वाद तेथे होता. आणि उत्तरादाखल गोन्सालोच्या आईचे वसईकर असणे पुढे करण्यात आले. तिचे नावही इतिहासाने जपलेले नाही, तरी अर्ध्या जगापलीकडे एका अवमानित समाजाचा दावा तिच्यावर उभा राहिला.

निशिझाका येथे १९६२ मध्ये उभारलेल्या फुनाकोशी यांच्या ब्राँझशिल्पात भाले नाहीत. सव्वीस आकृत्या ओळीने उभ्या आहेत, त्यांची पावले मात्र जमिनीला टेकलेली नाहीत.